ओळख पटल्यास थांबावे

चिंचणी
१२ जुलै २०२४

दादा,

फोन ब्लॉक केलास ना? केलास तर केलास. पोस्टमनला कसा ब्लॉक करतोस ते बघते मी. वेरावळचा पत्ता तुझ्या दोस्ताने, विपुलने दिला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याच्या दारात ठाण मांडून बसले होते. बर्फाच्या कारखान्यात तुझ्या नावाचं पाकीट आलेलं बघून लोक हसतील, हसू देत. आजकाल पत्र कोण लिहितं? ज्याला दुसरा रस्ता ठेवलेला नाही तो.

त्या दिवशी मी फोनवर ओरडले ते चुकलंच. पण तूही असा काय आपटलास फोन? एवढंच तर विचारलं, की बाबांना जाताना तू पाहिलंस का. हो म्हण, नाहीतर नाही म्हण. येत्या सप्टेंबरात दोन वर्षं होतील. होडी उलटली तेव्हा तुम्ही दोघंच होतात. तुला दुसऱ्या होडीवाल्यांनी चार तासांनी प्लॅस्टिकच्या पिंपाला लटकलेला उचलून आणलं आणि तू सगळ्यांना सांगितलंस, लाट आली, मग काही दिसलं नाही. बाबांचं शरीर मिळालंच नाही. आणि आपल्या आळीत, ज्याने शेवटचं पाहिलं त्याने चारचौघांत तोंडाने सांगितल्याशिवाय पाणी सोडत नाहीत, हे मी तुला सांगायला नको. तू पाहिलं नाही म्हणालास, म्हणून बाबांचं काहीच झालं नाही. दहावं नाही, बारावं नाही. आईच्या गळ्यात अजून काळे मणी आहेत. रोज छत्री घेऊन किनाऱ्यावर जाते आणि पाण्याकडे तोंड करून बसते. कोणी विचारलं तर म्हणते, "गेलाय, येल."

मला कोणी सांगितलं म्हणून विचारत होतास. आळीत बोलतात. लोकांच्या तोंडाला काय झाकण असतं? तेवढं कानावर आलं म्हणून विचारलं. दुसरं काही नाही.

माझं पालघरचं काम बरं चाललंय. स्नेहल मॅडमची लॅब म्हणजे तुला काचेच्या नळ्याबिळ्या वाटतील. कॉलेजच्या जिन्याखालची खोली आहे ती. दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा, तो फक्त माझ्या जोडीला काम करणाऱ्या सलोनीकडे बघून फिरतो. पण जगातल्या सत्तर लॅबच्या यादीत आमच्या खोलीचं नाव आहे बरं का! मॅडम सांगतात, पूर्वी कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या कॉलेजच्या चाळीस पोरांना विचारायचे आणि पुस्तकात छापून मोकळे व्हायचे, माणसाचं मन असं असतं. दुसऱ्याने तेच करून बघितलं की ते निघायचंच नाही. म्हणून आता सत्तर ठिकाणी, एकच प्रश्न, एकाच पद्धतीने विचारायचा. काय करणार ते आधी लिहून ठेवायचं, नंतर कानामात्रा बदलायचा नाही, आणि चुकलो तर तेही सगळ्या जगाला दिसेल असं मांडायचं. "माणूस असा असतो या वाक्यात पहिल्यांदा चिंचणीचं माणूस मोजलं जाणार," असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मला खरंच भरून आलं होतं.

आमचा प्रश्न साधा आहे. मनात कोंडलेलं दुःख लिहून काढलं तर हलकं होतं का? निम्म्या लोकांनी आपलं दुःख लिहायचं, निम्म्यांनी कालचा दिवस कसा गेला ते. ज्यांचं कोणी गेलेलं नाही त्यांचाही एक गट आहे, तुलनेला. आईलाही सलोनीने विचारलं होतं, गेल्या तीन वर्षांत जवळचं कोणी वारलं का? मी चुलीशी उभी होते. आई म्हणाली, "नाय." सलोनीने माझ्याकडे बघितलं. मी भाकरी उलटली.

तुलाही जानेवारीत लिंक पाठवली होती, आठवतं? आमची माणसं कमी पडत होती. तू भरलंस की नाही मला माहीत नाही. त्यात नावं नसतातच.

आई बरी आहे. जरा बोलत नाही, इतकंच. उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

रिद्धी


चिंचणी
४ ऑगस्ट २०२४

दादा,

बंदी उठली, होड्या बाहेर पडल्या. आपल्या दारावरून जाताना सगळे नजर चुकवत होते. आई अंगण झाडत होती, तिने कोणाकडे बघितलंच नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आळीत कोणी काही बोलत नाही. मी वाचलं.

कसं झालं ते सांगते, मग काय म्हणायचं ते म्हण. पालघरच्या आमच्या यादीत एकाहत्तर माणसं होती. लोकांनी मराठीत लिहिलेलं इंग्रजीत करायचं काम माझं आणि सलोनीचं. भिंतीवर नियमांचा कागद लावलाय, सत्तर लॅबमध्ये तोच कागद, आपापल्या भाषेत. मराठी मीच केलं. पाचवा नियम: "ओळख पटल्यास थांबावे. मजकूर सहकाऱ्याकडे द्यावा." मॅडम म्हणाल्या होत्या, नुसतं "थांबा" पुरे. मी म्हटलं, छे, नियम नियमासारखा वाटला पाहिजे. थांबावे! काय रुबाब बघ त्या शब्दाचा.

नावाऐवजी नुसता आकडा होता, चव्वेचाळीस. पहिलं वाक्य, "होडीवर आमी दोघंच होतो." दुसरं, "बाबांचा पाय जाळ्यात अडकला होता." तिथेच कळलं. सलोनी दोन हातांवर बसली होती, स्क्रीन तिच्याकडे फिरवली असती की झालं होतं. मी नाही फिरवली. शेवटपर्यंत वाचलं. मग परत वरून वाचलं.

तुझे शब्द तुलाच परत काय सांगू? पिंपाचा दोर तू हाताला गुंडाळला होतास आणि दुसऱ्या हातात बाबांचं मनगट. जाळं खाली ओढत होतं. बाबा म्हणाले, "सोड. दोघं नको. केत्या, सोड." आणि त्याच्याखाली तू लिहिलंस, "हात सुटला नाही. मी सोडला." या वाक्याचं इंग्रजी मला आलंच नाही. उठून नळावर गेले, तोंड धुतलं, परत आले, तरी नाही आलं.

मला तुझी दया यायला हवी होती ना? आपला भाऊ, इतकं सगळं पोटात घेऊन दुसऱ्या मुलुखात बर्फाच्या लाद्या उचलतोय. दया नाही आली रे. राग आला. तुला माहीत होतं, आणि तू आईला दोन वर्षं पाण्याकडे बघत बसवलंस! जिन्यातूनच तुला फोन लावला. काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही, तुला आठवत असेल. तू विचारलंस, कोणी सांगितलं? मी म्हटलं, आळीत बोलतात. आणि मग अगदी हळू म्हणालास, "रिधे, तू वाचलंस." त्यानंतर तुझा आवाज ऐकलेला नाही.

जानेवारीत तू भरायला तयार नव्हतास. मीच मागे लागले. अरे भर की, जगातला कोणीही वाचेल, फक्त तुला ओळखणारा वाचणार नाही, मी आहे ना जबाबदार! असं म्हणाले होते मी. हसत म्हणाले होते.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. महालक्ष्मीची शपथ.

रिद्धी


चिंचणी
२२ सप्टेंबर २०२४

दादा,

गणपतीला आला नाहीस. कुठेही असलास तरी गणपती आणि शिमगा तू चुकवला नव्हतास. आईने तुझ्या वाट्याचे मोदक पाच दिवस झाकून ठेवले, मग शेजारी हिनाच्या घरी देऊन आली.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. सोपी आधी सांगते.

स्नेहल मॅडमना मी सांगून टाकलं. त्यांनी पकडलं नाही, मीच सांगितलं. तुझा मजकूर सोडून बाकी सगळे झाले होते आणि त्या रोज विचारत होत्या, चव्वेचाळीसचं काय? मी म्हटलं, तो माझ्या भावाचा आहे. त्या म्हणाल्या, मग सलोनीला दे. मी म्हटलं, वाचून झालाय. वाचून भावाला जाबही विचारलाय. मॅडम खुर्चीत बसल्या. तू त्यांना पाहिलेलं नाहीस, बाई फार बोलते, मनोरच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकली तर शेजारच्या रिक्षावाल्याला शास्त्र शिकवेल. त्या दिवशी तिने नुसता पंखा बंद केला.

मी म्हटलं, कोणाला कळणार आहे? सत्तर लॅब, हजारो माणसं, आपली एक ओळ. त्यावर मात्र चिडल्या. "आपण झाकायचं, त्यांनीही झाकायचं, मग तीच चाळीस पोरं आणि तेच पुस्तक परत. कशाला घातली एवढी वर्षं?" त्यांनी सगळ्यांना दिसणाऱ्या यादीत लिहून टाकलं, पालघरमधल्या एका सहायकाने नातेवाइकाचा मजकूर ओळखूनही वाचला आणि गोपनीयता मोडली. नाव नाही घातलं माझं. आता चौकशी होईपर्यंत पालघरचं काम थांबलंय. मला काढलं. सलोनीने माझा डबा आणि चप्पल पिशवीत घालून दिली, आणि रडली ती, मी नाही.

तुलाही मॅडमचं पत्र येईल. माफी मागितली आहे. तुझा मजकूर ठेवायचा की काढायचा ते तू ठरवायचंस.

आता दुसरी. महालक्ष्मीची शपथ खोटी होती. आईला मी त्याच दिवशी सांगितलं. तू फोन ठेवलास, मी बोईसरला उतरले, रिक्षा पकडली, आणि घरात पाय ठेवल्या ठेवल्या सगळं ओकले. बाबा गेले, आई. केतनने पाहिलंय. तो खोटं बोलला तुझ्याशी. तू उगाच बसतेस त्या किनाऱ्यावर. असंच, जोडे पण काढले नव्हते.

मला वाटलं होतं ती कोसळेल. मी तिला धरायला पुढे झाले होते. ती बोंबील निवडत होती, ते तसेच निवडत राहिली. मग म्हणाली, "मना ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"आला तवाच. त्याचे हात बघितले मी. एका हाताला दोराचे वळ होते, दुसऱ्या मनगटावर नखं रुतलेली. तुज्या बापाची नखं मी वळखीन का नाय?"

मी विचारलं, मग दोन वर्षं हे काय चाललंय? हे मणी, ही छत्री, येल येल? दादा, ती माझ्यावर कधी ओरडलेली नाही, त्या दिवशीही ओरडली नाही. म्हणाली, "बाप मेला म्हटलं की पानी सोडायला त्याला चारचौघांत उभा करतील. कसा मेला सांग म्हनतील. त्याला ते सांगता आलं असतं का? आन सांगून झाल्यावर माज्यासमोर बसून जेवता आलं असतं का? मी नाय म्हनत होते तवर त्याला घर होतं. गनपतीला येत होता, शिमग्याला येत होता. तू त्याचं घर काढून घेतलंस."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी देते. जरा बोलत नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं ते हे.

म्हणजे सलोनीला ती "नाय" म्हणाली, ते वेडेपण नव्हतं, आशा पण नव्हती. आणि मी मानसशास्त्रात एम. ए. आहे, दादा. फर्स्ट क्लास.

रिद्धी


चिंचणी
१७ नोव्हेंबर २०२४

दादा,

बाबांचं पाणी सोडलं. काल. तुला कळवायला आईने सांगितलेलं नाही, मी आपणहून लिहितेय.

दिवाळी झाल्यावर आई एकटीच आळीतल्या वडीलधाऱ्या एकनाथकाकांकडे गेली आणि म्हणाली, धर्माजीचं करायचंय. काका म्हणाले, पाहिलंय कोणी? आई म्हणाली, आळी बोलवा, सांगते.

काल सकाळी भरतीला सगळी माणसं किनाऱ्यावर जमली. आईने हिरवं लुगडं नेसलं होतं, शेवटचं म्हणून. मी मागे तांदळाची परात घेऊन उभी. एकनाथकाकांनी विचारलं, धर्माजीला शेवटचं कोणी पाहिलं? आई म्हणाली, "माज्या पोरानं." मग साखरबाई म्हणाली, जी सगळ्यांच्या मयताला पुढे असते ती, "मंग दोन वरसं काय गिळून बसला होता? बापाला पान्याविना ठेवला! असा कसा लेक?"

आई तिच्याकडे वळली. "त्यानं पयल्याच दिवशी सांगितलं मना. घरात पाऊल टाकलं तवाच. मीच त्याच्या तोंडावर हात ठेवला. बोललास तर माजं मढं बघशील, अशी आन घातली. मना धनी सोडवत नव्हता. जे काय पाप हाय ते माज्या पदरात घाला, पोराकडं बोट दाखवायचं नाय."

दादा, तू तिला काहीच सांगितलं नव्हतंस. एक अक्षर नाही. ती सगळ्या आळीसमोर, पाण्यात घोट्याभर उभी राहून, खोटं बोलली.

मग तिने सांगितलं कसं झालं ते. जाळं, पाय, पिंप. "धनी म्हनाला सोड, दोघं नको. लेकानं ऐकलं. बापाचं ऐकनं पाप हाय काय, सांगा." साखरबाईने डोळ्याला पदर लावला. शब्द तुझेच होते, जसेच्या तसे. मी वाचलेले, मी घरी येऊन ओकलेले. आईने ते इतके महिने जपून ठेवले होते आणि नेमके तिथे काढले. मी परात घट्ट धरून उभी होते आणि मला वाटलं, बघ, माझ्या वाचण्याचं काहीतरी चांगलं झालं. खोटं कशाला बोलू, असं वाटलं मला.

पाणी आईनेच सोडलं. मणी तिने स्वतः तोडले, कोणाला हात लावू दिला नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, आई, तू खोटं बोललीस. चार महिन्यांनी तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "हो. तू खरं बोललीस, मी खोटं बोलले. बघू, कोनामुळं पोरगा घरी येतोय."

आता ये. तुला कोणी काही विचारणार नाही. रागावलेला ये, माझ्याशी बोलू नकोस, पण ये. ती आता किनाऱ्यावर जात नाही. सकाळी उठते आणि दारात बसते, हायवेच्या दिशेने तोंड करून.

रिद्धी


चिंचणी
९ जानेवारी २०२५

दादा,

आईला तुझा फोन आला. ती मोरीत जाऊन बोलली, तरी मला ऐकू आलंच, आपल्या घरात भिंती कुठे धड आहेत!

नंतर आई माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "तो येतोय. कायमचा." मी उठून तिला मिठी मारायला गेले. तिने हाताने थांबवलं. "तू घरात असलीस तर नाय येनार."

मी विचारलं, तो म्हणाला असं? ती म्हणाली, "त्याला म्हनायला लागलं नाय."

बरोबर आहे. तू माझ्यासमोर बसून जेवायचंस, आणि प्रत्येक घासाला तुला वाटणार, हिने वाचलंय. आईलाही सगळं ठाऊक आहे, पण तिला ते वळांवरून कळलं. मी तुझ्या तोंडचं चोरलं.

बोईसरला खोली बघितली आहे. उद्या जाते. तुझी गादी उन्हात घालून ठेवली आहे. कपाटाचा वरचा कप्पा रिकामा केला आहे, माझं काही राहिलं असेल तर हिनाकडे दे.

रिद्धी


बोईसर
२ नोव्हेंबर २०२५

दादा,

चौदा-पंधरा किलोमीटरवर असलेल्या माणसाला पोस्टाने पत्र पाठवायचं म्हणजे पोस्टमनही वेड्यात काढेल. पण तारापूर रोडने चिंचणीला जाणारी बस समोरून जाते आणि मी तिच्यात चढत नाही, मग काय करू?

मी बरी आहे. एमआयडीसीत एका कंपनीत कामगारांची हजेरी बघते. "मॅडम, आज हाफ डे लगा दो ना, बच्चा बीमार है." दिवसभर हेच. कोणाचं बाळ खरंच आजारी आहे आणि कोणाला मॅच बघायची आहे ते मला तोंडावरून कळतं, पण मी विचारत नाही. लिहून टाकते. शिकले म्हणायची.

सत्तर लॅबचा पहिल्या फेरीचा निकाल आला. मॅडमनी पाठवला, त्यांचं पत्र आहे बरोबर, प्रेमाचं आहे. चौकशी संपली, पालघरचं काम परत सुरू झालं. निकाल असा, की दुःख लिहून काढल्याने ते हलकं होत नाही, किंवा इतकं थोडं होतं की मोजायला गेलं तर हाताला लागत नाही. एवढ्या देशांतल्या एवढ्या माणसांना विचारून! हे धरून माझी सहा पत्रं वाचली असती तर मी फुकटात सांगितलं असतं. पण मॅडम खूश आहेत. म्हणतात, पूर्वी चाळीस पोरांवरून लोकांना सांगत सुटले होते, लिहा, लिहा, बरं वाटेल. आता निदान कोणी छातीठोक सांगणार नाही.

शेवटी सगळ्या लॅबचा तक्ता आहे. मी बोट ठेवून शोधला. पालघर, माणसं सत्तर. एकाहत्तर होते. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, एक मजकूर लेखकाच्या इच्छेवरून काढून टाकला.

तू काढून टाकलास. तुझा हक्क आहे, मी काही म्हणत नाही. फक्त, तू ते आयुष्यात एकदाच बोललास, अनोळखी माणसांपाशी, आणि आता ते त्यांच्याकडेही नाही. अख्ख्या जगात ते पूर्ण पान आता फक्त माझ्या डोक्यात आहे, स्वल्पविरामासकट. मला ते विसरायचंय रे. मी अगदी मनापासून प्रयत्न करते. कामगारांची नावं लिहिताना मध्येच "हात सुटला नाही" येतं आणि पेन थांबतं.

गेल्या रविवारी हिना आली होती. तिने सांगितलं की तू परत जाळी विणायला बसतोस, पाण्यात जात नाहीस पण विणतोस, आणि आई तुझ्या शेजारी बसून बडबडते. आई बडबडते हे ऐकून मी तिला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, ऑक्टोबरात लॅबची दुसरी फेरी झाली, सलोनी फॉर्म घेऊन आपल्याकडे आली होती. हिना तेव्हा आईबरोबर कोळंबी सोलत बसली होती. मी काही विचारलं नव्हतं, दादा, तिनेच सांगितलं. सलोनीचा पहिला प्रश्न, घरात माणसं किती? आई म्हणाली, "दोन." सलोनी घुटमळली, परत विचारलं. आई म्हणाली, "मी आन माजा पोरगा. लिव तू."

हिनाला वाटलं मी रडेन. मी चहा टाकला, तिला स्टँडपर्यंत सोडलं, येताना भाजी घेतली. तू घरी आहेस, आई एकटी नाही, हसते, बोलते. मला हेच हवं होतं, असं मी दिवसातून दहादा स्वतःला सांगते आणि ते खरं पण आहे.

दादा, मला घरी यायचंय.

रिद्धी